हात तसाच जातो

"राइट, ताई. राइट! जिस हाथ से खाना खाते हैं."

"उजवीकडेच ढकलतेय मी," नेत्रा म्हणाली.

"मग ती लेफ्टला का बघतेय?"

फोन टीपॉयवर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता आणि त्यातून शिशिर टीव्हीकडे बघत होता. त्याच्याकडे हॅलिफॅक्सला शनिवारची सकाळ होती, इथे सेक्टर अडतीसमध्ये संध्याकाळचे पाच वाजले होते. आईच्या फ्लॅटमधलं बरंचसं सामान गेलं होतं. राहिला होता एक सोफा, टीव्ही आणि टीव्हीखालचा काळा खोका. शिशिरचा हा जुना गेम त्यानेच गेल्या दिवाळीत येऊन आईला जोडून दिला होता. आता तो कुणाला तरी देऊन टाकायचा होता. पुसायच्या आधी आई कुठपर्यंत पोचली होती ते एकदा दाखव, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

खेळ साधा होता. धुक्याने भरलेली एक दरी, दोन मेंढपाळ, आणि अंधार पडायच्या आत शोधायच्या हरवलेल्या शेळ्या. एक मेंढपाळ हॅलिफॅक्समधून शिशिर चालवायचा, दुसरा, निळ्या शालीचा, इथून आई. दर रविवारी दोघं दोन तास शेळ्या शोधत.

नेत्राने अंगठ्याने कंट्रोलरची छोटी दांडी वर ढकलली. निळ्या शालीने आभाळाकडे बघायच्याऐवजी आपल्या पायांकडे पाहिलं.

"बिघडलाय वाटतं," ती म्हणाली.

"एक मिनट. मेन्यू खोल. सेटिंग. कॅमेरा. हां, वाच."

"हॉरिझॉन्टल, इन्व्हर्टेड. व्हर्टिकल, इन्व्हर्टेड. म्हणजे काय रे?"

"मतलब उलटा. राइट ढकललं की लेफ्ट दिसणार, वर ढकललं की खाली." शिशिर फोनकडे वाकला. "ये मैंने नहीं किया. मी नॉर्मल ठेवलं होतं."

फोनवर त्याचा चेहरा गोठल्यासारखा झाला, तेव्हा नेत्राला वाटलं नेटवर्क गेलं.

"ताई, फेब्रुवारीत मी तुला म्हटलं होतं ना, की आता ठीक झाली? ठीक नहीं हुई थी यार. उसने गेम को ही उलटा कर दिया. आम्हाला कळू नये म्हणून."

"असं काही—"

"छुपाया हमसे. मी नंतर करतो फोन."

फोन काळा झाला. टीव्हीवर निळी शाल मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत उभी राहिली.

नेत्राने दांडी सोडून दिली. जे गेले चार महिने तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, ते आता सेटिंगच्या दोन ओळींमध्ये लिहिलेलं होतं.

सुरुवात दिवाळीतच झाली होती. शिशिर म्हणायचा, "आई, उजवीकडे बघ, तिकडे शेळी आहे," की आई हमखास डावीकडे वळायची. वर म्हटलं की खाली. पहिल्या दिवशी सगळे हसले. शिशिर परत गेल्यावरही ते तसंच चालू राहिलं, आणि जानेवारीत त्याने नेत्राला फोन केला. "ताई, मम्मी को लेफ्ट-राइट का प्रॉब्लम हो रहा है. डॉक्टरला दाखव. सिरियसली." नेत्राने आईला विचारलं. आई सत्तरीला टेकलेली, पण ताठ. ती कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "माझा हात तसाच जातो. त्याला मी काय करू?" नेत्रा युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत नोकरीला, तिथे तेव्हा वर्षाची पुस्तक-मोजणी चालू होती. मार्चमध्ये नेऊ, असं तिने ठरवलं. फेब्रुवारीत शिशिरच म्हणाला, "अरे, अब एकदम ठीक है, एका शॉटमध्ये शेळी पकडते." आणि विषय तिथेच राहिला.

जूनच्या नऊ तारखेला आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तीन दिवस ती हॉस्पिटलात होती, आणि मग गेली. पहिल्याच दिवशी एक तरुण डॉक्टर फाइल घेऊन नेत्रासमोर बसला आणि थकलेल्या आवाजात एकेक प्रश्न विचारत गेला. बीपी? शुगर? पहले कभी चक्कर? "पिछले कुछ महीनों में कोई कन्फ्यूजन? जैसे दायाँ-बायाँ गड़बड़ होना?"

नेत्रा म्हणाली, "नहीं."

तिने विचार करून खोटं सांगितलं नव्हतं. शब्द आपोआप बाहेर पडला. डॉक्टरने खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला. पण त्या दिवसापासून तो 'नहीं' तिच्या छातीत अडकून होता. जानेवारीत नेलं असतं तर? नुसता एक स्कॅन केला असता तर? पुस्तकं मोजत बसलो आपण. आणि आता हे. आईला स्वतःला कळलं होतं. कळूनही तिने एकटीने, मुलांना घोर नको म्हणून, ते लपवलं होतं.

टीव्ही बंद करायला ती उठली, आणि हात लांब करून तशीच उभी राहिली. आईने लपवलं म्हणजे केलं कसं? तिला तर मोबाइलचा आवाज लहान-मोठा करायलाही माणूस लागायचा. त्या मेन्यूच्या पोटातल्या मेन्यूत ती पोचणं शक्य नव्हतं. घरात मिक्सर बिघडो, गिझर बिघडो, आई एकाच माणसाला फोन करायची.

"कोण? नेत्रा? मोठ्यान् बोल गो, कान गेले माझे."

"विश्रामकाका, आईच्या गेमची सेटिंग तुम्ही बदलली होती का?"

"मीच. आणखी कोण बदलतलो? बिघडला काय?"

"नाही. पण का बदललीत?"

"फोनवर नाय कळायचा तुका. उद्या दुपारी ये. रविवारचो राजमा असता आमच्याकडे, जेवूनच जा."

विश्राम परब मूळचे कुडाळचे. सेक्टर तीसमधल्या उपकरणांच्या प्रयोगशाळेत ते भिंगं घासायला लागले त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. आई तिथेच, त्याच वर्कशॉपमध्ये. ती मिरजेहून लग्न करून इथे उत्तरेत आलेली आणि त्यानंतर सातव्या महिन्यात नोकरीला लागलेली. काकांनी भिंग घासायचं आणि आईने ते तपासायचं, असं एकतीस वर्षं चाललं. नेत्राला आईच्या कामाबद्दल एवढंच माहीत होतं. शाळेत कुणी विचारलं, तर ती सांगायची, आई सायन्सच्या ऑफिसात आहे. वडील गेल्यावर आईने त्याच पगारावर दोघांना शिकवलं आणि निवृत्त झाली, तेव्हा ऑफिसने तिला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं.

काका सेक्टर बावीसच्या बाजाराच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर राहत. खाली कापडाचं दुकान, जिन्यापाशी रस्त्यावरच्या सप्तपर्णीचा गोड, जड वास. दार काकूंनी उघडलं. काकू पटियाळ्याच्या. चाळीस वर्षांत त्या मराठी नीट समजायला लागल्या होत्या, बोलायचा मात्र त्यांनी कधी प्रयत्न केला नव्हता.

"आ जा पुत्तर. हाय, कितनी पतली हो गई! कुछ खाती नहीं?"

काका खिडकीपाशी बसले होते. त्यांच्या दोन्ही हातांची बोटं भिंगांच्या भुकटीने कायमची करडी झालेली. त्यांनी नेत्राला समोर बसवलं आणि काही न विचारता एक जुनी लग्नपत्रिका घेऊन तिच्या मधोमध कात्रीने रुपयाएवढं भोक पाडलं. मग आजचा हिंदी पेपर टेबलावर पसरला आणि त्यावर पत्रिका ठेवली.

"ही पत्रिका एका हातान् घट्ट धर. हलवायची नाय. भोकातून काय दिसता?"

"'सरकार ने'."

"पुढचा वाच. पत्रिका हलवू नको, पेपर हलव."

नेत्राने पेपर हलवला. भोकात पुढचे शब्द सरकत आले.

"थांब," काका म्हणाले. "वाचायचा होता खंयचा? कुठल्या बाजूचा?"

"उजवीकडचं."

"आणि हात खंय गेलो तुझो?"

नेत्राने आपल्या हाताकडे पाहिलं. तिने पेपर डावीकडे ओढला होता.

"आता वरची ओळ वाच."

तिने पेपर स्वतःकडे, खाली ओढला. वरची ओळ भोकात आली. ती त्या भोकाकडे बघतच राहिली.

"साध्या मायक्रोस्कोपात चित्र उलटा दिसता," काका सांगू लागले. "आमचा बाकावरचा होता, दोन डोळ्यांचा, त्यात सरळ दिसायचा. तो जाग्यावर पक्को बसवलेलो. खाली ट्रे, ट्रेत भिंग. तुझी आई दोन डोळे लावून बसायची आणि ट्रे हातान् सरकवायची. उजवीकडे ओरखडो आसा काय बघायचा झाला, तर ट्रे डावीकडे. वर बघायचा तर ट्रे खाली. नजर हलवायची नाय, वस्तू हलवायची. दिवसाला दोनशे भिंगं. एकतीस वर्षं. मगे त्या तुमच्या खेळात तिचो हात कसो जातलो?"

नेत्राने पत्रिकेवरचा हात काढला.

"तुमका वाटला, म्हातारी चळली."

"चळली नाही काका, आम्हाला वाटलं..."

"तिका ठाऊक होता तुमका काय वाटला ता. फेब्रुवारीत फोन आलो. म्हणते कशी, विश्राम, पोरं मला डॉक्टरकडे न्यायला निघालीत, माझं डोकं शाबूत आहे तोवर ये आणि हे मशीन सरळ कर." काका हसले. "मी गेलो. दोघांनी तीन तास घातले. ह्या दाब, त्या दाब. एकदा सगळा खेळ चिनी भाषेत गेलो. शेवटी ता सापडला. आधी नुसता आडवा उलटा केला. ती म्हणाली, अर्धंच झालं. मगे उभा केला. तिने अंगठो ठेवलो आणि म्हणाली, आता बसला हात."

"तुम्ही खेळलात?"

"मी पण बघितलंय खेळून. पहिल्या फटक्यात शेळी! घासल्यावर आधी मीच तपासायचो ना, तिच्याकडे धाडायच्या आधी. माझो पण हात तसोच. आणि माझ्या डोक्यात काय बिघाड नाय, विचार हिका."

"सिर तो इनका शुरू से ही खराब है," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

काका खो खो हसले. नेत्राला हसू आलं नाही. तिने पेपर पुन्हा डावीकडे ओढला, पुन्हा उजवीकडे. मग मान वर न करता, पेपरशीच बोलल्यासारखी म्हणाली, "डॉक्टरने मला विचारलं होतं. तिला उजवं-डावं कळेनासं झालं होतं का म्हणून. मी नाही म्हटलं. आणि मला वाटत होतं, झालं होतं. मी खोटं सांगितलं. जानेवारीपासून होतं आणि मी..."

काकांचे कान गेले होते, पण हे त्यांना ऐकू आलं. ते उठले आणि आपली खुर्ची ओढून तिच्या शेजारी आणून बसले.

"जूनच्या सहा तारखेक ती हयच होती," ते म्हणाले. "बसने आली एकटी. खाली कापडवाल्याशी भांडली. दोन मीटर म्हणून पावणेदोन मोजलास म्हणाली, आणि त्याच्या गजान् पुन्हा मोजून दाखवलान्. पंचवीस सेंटिमीटर कमी भरला. त्याने अर्धो मीटर फुकट दिलो."

"और मेरी सुई में धागा डाला," काकू ताटं घेऊन येता येता म्हणाल्या. "बिना ऐनक. पहली बार में. मैं दस मिनट से लगी हुई थी. जाते टाइम सीढ़ी की लाइट नहीं थी, मैंने कहा दीदी हाथ पकड़ूँ? बोली, रहने दो, सोलह सीढ़ियाँ हैं."

"सहा तारीख," नेत्रा म्हणाली.

"सहा. शनिवार होतो. नऊक जा झाला ता नऊक झाला, बाय. त्याच्या आधी काय नव्हता. तुझी आई एकतीस वर्षांत एक वाकडा भिंग पुढे जाऊ देऊक नाय. माझा एक भिंग अकरा दिवस घासलेला, साहेबान् पास केलेला, हिने परत धाडला. मी चार दिवस बोललो नाय तिच्याशी. पाचव्या दिवशी भिंगावर दिवो धरलो, बघतो तर होतो ओरखडो. केसाएवढो. तिच्या डोक्यात काय बिघडला असता तर ता पयला तिकाच दिसला असता. आणि तिने लपवला नसता. तिका लपवता येयत नव्हता. तोंड आधी बोलायचा."

नेत्राने भोक पाडलेली पत्रिका उचलली. ती कुणा ज्ञानदा नावाच्या मुलीच्या लग्नाची होती. भोक नेमकं मुहूर्तावर पडलं होतं. तिने विनाकारण ती पूर्ण वाचली. ती डॉक्टरला 'नहीं' म्हणाली होती. आणि ते खरं होतं. तिला माहीत नसताना ती खरं बोलली होती.

समोर ताट होतं. राजमा, भात, वर तूप, बाजूला कच्चा कांदा. तिने पहिला घास घेतला आणि तिला एकदम सपाटून भूक लागली. एवढी भूक तिला जूननंतर लागली नव्हती. ती जेवत राहिली. काकूंनी दोनदा वाढलं. तिसऱ्यांदा तिने स्वतःच ताट पुढे केलं.

"आंटीजी, और है?"

"है है, बहुत है," काकू म्हणाल्या आणि नवऱ्याच्या ताटाकडे नेलेला वाढायचा डाव तिच्याकडे वळवला.

जेवण झाल्यावर ती गच्चीत गेली आणि तिने शिशिरला फोन लावला. तो नुकताच उठला होता. डोळे सुजलेले होते, आणि ते झोपेने नव्हते. तिने भोकाची गोष्ट सांगितली. ट्रेची, फेब्रुवारीची, कापडवाल्याची. सुईदोऱ्याची तिने दोनदा सांगितली.

"मतलब ती ठीक होती?"

"हो."

"पक्का?"

"पक्का."

"जानेवारीत भी?"

"जानेवारीतही. शिशिर, ती एकदम ठीक होती."

"मैं रोज सोचता था," तो म्हणाला, "की मला दिसलं होतं. सबसे पहले मला दिसलं. आणि फेब्रुवारीत मीच तुला म्हटलं, छोड़ दे." त्याने टी-शर्टच्या बाहीने तोंड पुसलं. "तुला बोललो नाही. तुला वाटलं असतं, मी तुला ब्लेम करतोय."

"मी पण नाही बोलले."

खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी पंजाबीत जोरजोरात हुज्जत घालत होतं.

"चिनी भाषेत गेला होता गेम?" शिशिरने अचानक विचारलं.

"हो म्हणे. तीन तास लागले त्यांना."

तो हसायला लागला. आधी नाकातून, मग मोठ्याने, आणि त्याच्या हसण्याने ती. हसता हसता दोघंही रडत होते, पण ते रडणं आता सोपं होतं. कुणाला त्याचं कारण सांगावं लागणार नव्हतं.

"तो खोका कुणाला देतेयस?" त्याने शेवटी विचारलं.

नेत्राने गच्चीच्या दारातून आत पाहिलं. काका टेबलावरच्या पेपरची घडी घालत होते.

"सांगते," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी खोका सेक्टर बावीसमध्ये आला. काकूंनी टीव्हीवरची क्रोशाची जाळी काढून ठेवली आणि कुरकुर केली की आता हे माझ्या मालिका बघू देणार नाहीत. नेत्राने तारा जोडल्या. मेन्यूत तिने काहीही बदललं नाही. बदलायची गरज नव्हती. धुक्यातून दरी वर आली, तिच्यात निळी शाल, आणि शालीच्या डोक्यावर पांढऱ्या अक्षरांत आईचं नाव, 'सरोज'.

"अंकल, नाम चेंज करना है?" फोनमधून शिशिरने विचारलं. "बहुत इझी है."

काकांनी चष्मा पुसला आणि पडद्याकडे पाहिलं.

"रेहने दे," ते म्हणाले.

पलीकडच्या कड्यावरून शिशिरचा मेंढपाळ उतरून आला. दोघं झऱ्याच्या काठाने चालू लागले. नेत्रा सोफ्याच्या कडेला बसली होती, आणि तिला जाणवलं की आपण पडद्याकडे बघतच नाही आहोत, काकांच्या हाताकडे बघतोय.

"अंकल, राइट में देखो. बड़े पत्थर के पीछे."

काकांचा करडा अंगठा जराही न थांबता डावीकडे गेला. निळ्या शालीची नजर सावकाश उजवीकडे वळली. दगडामागे एक शेळी गवत खात उभी होती.

"मिल गई," शिशिर म्हणाला. "अंकल? मिल गई ना?"

काकांनी उत्तर दिलं नाही. काम चालू असताना ते बोलत नसत.